कवळीच्या बदल्यात खुर्ची

माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर बघतात, आधी दातांकडे बघतात. त्यांचा धंदाच तसा आहे. गेली सव्वीस वर्षं ते डेंटल लॅबमध्ये कवळ्या आणि कॅपा बनवतात. त्यातली शेवटची चौदा वर्षं इथे, परदेशात. रस्त्यात कोणी ओळखीचं भेटलं आणि नाव आठवलं नाही, तर घरी येऊन ताईला सांगतात, "अगं तो नाही का, वरचा सुळा जरासा आत वळलेला?" ताईलाही आता एवढ्यावरून माणूस कळतो. रात्रीच्या बातम्या लागल्या की दाजी टीव्हीच्या जवळ सरकतात आणि म्हणतात, "पुढचे चारही दात बसवलेले आहेत हिचे. काम चांगलं आहे, पण पांढरे जरा जास्त झाले." सरकार पडलं की राहिलं हे त्यांना दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये कळतं.

त्यांच्यासमोर 'नकली' हा शब्द तुच्छतेनं उच्चारायची सोय नाही. एकदा मी 'नकली माल' असं काहीतरी सहज बोलून गेलो, तर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मेव्हणेबुवा, नकली वेगळं आणि खोटं वेगळं. मी कवळी देतो ती कवळी म्हणून देतो. लोक तिनं जेवतात, हसतात, भांडतात, नातवंडांचे पापे घेतात. खोटं ते, जे खरं आहे म्हणून गळ्यात मारतात."

मी वॉशिंग मशिनं दुरुस्त करतो. त्यात असा काही विचार करायची वेळ येत नाही.

कवळीच्या कामात दिवसभर टेबलावर वाकून बसावं लागतं. पन्नाशी ओलांडली तशी दाजींच्या पाठीनं कुरकुर सुरू केली. संध्याकाळी घरी आले की ते आधी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहायचे, मग भिंतीला, मग फ्रिजला. बसायला घरात खुर्च्या होत्या, पण त्या कशा, तर इथून घरं बदलून गेलेल्या लोकांनी जाताना मागे सोडलेल्या. चार खुर्च्या, चार घरांच्या. एकीवर बसलं की टेबल छातीशी यायचं, दुसरीवर बसलं की मांडीशी. एक सोफा होता, त्याच्या मधोमध खड्डा होता, आणि पाहुणे तिघं असले की मधला पाहुणा गप्पांमध्ये दिसायचा नाही.

अशात एक दिवस दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. लॅबकडे वर्षानुवर्षं काम पाठवणारे, दाजींवर मर्जी असलेले. एका आजीबाईंची कवळी बसत नव्हती आणि आजीबाई ऐकत नव्हत्या, तेव्हा दाजींनी स्वतः दवाखान्यात यावं, असं ठरलं. दाजी वेळेआधी पोचले. बाहेरच्या खोलीत बाकं भरलेली होती आणि कोपऱ्यात एकच खुर्ची रिकामी होती. वाकवलेल्या लाकडाच्या तीन मोठ्या पाकळ्या, आत काळं चामडं, खाली फिरता पाय आणि समोर पाय टेकवायला तसंच एक बुटकं स्टूल. इतकी चांगली दिसत होती की कोणी तिच्यावर बसत नव्हतं. दाजी बसले.

पुढचं त्यांना आठवत नाही. नर्सबाईंनी खांदा हलवला तेव्हा ते डोळे न उघडता म्हणाले, "उद्या सकाळी देतो." पाऊण तास झोपले होते. आजीबाई समोर उभ्या होत्या, हातात कवळी धरून.

"पाठ दुखली नाही," दाजी त्या रात्री आम्हाला सांगत होते. "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा पाठ आहे हेच विसरलो."

त्यांनी डॉक्टरांकडे खुर्चीची चौकशी केली होती. डॉक्टर खुलले होते. ती म्हणे साठ-सत्तर वर्षांपूर्वीची, एका नामांकित डिझायनरनं काढलेली आणि अस्सल. खालच्या बाजूला कंपनीचं लेबल आहे म्हणाले. किंमतही सांगितली. तेवढ्या पैशात माझी व्हॅन आली असती आणि वर वर्षभराचं पेट्रोल.

"अशा खुर्च्यांना मिड-सेंच्युरी म्हणतात," दाजी ताईला म्हणाले. "शतकाच्या मधल्या. म्हणजे पन्नासच्या आसपासच्या."

"आपणही पन्नासच्या आसपासचेच आहोत," ताई म्हणाली. "आपल्याला कुणी एवढा भाव देत नाही."

अस्सल घेण्याचा प्रश्नच नव्हता. पण नक्कल? नकलांच्या बाबतीत दाजींचा हात धरणारा कोण होता? त्यांनी ठरवलं की चांगली नक्कल शोधायची, परवडणारी शोधायची, आणि ती नक्कल म्हणूनच घरात ठेवायची. माझ्याकडे व्हॅन होती, त्यामुळे या शोधात मी असणार हे मला न विचारताच ठरलं.

पहिली खुर्ची त्यांनी इंटरनेटवरून मागवली. तीन आठवडे रोज फोटो बघून, लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचून, रात्री जेवताना आम्हाला वाचून दाखवून. खोकं आलं तेव्हा मला थोडी शंका आली होती, कारण ते मी एकट्यानं उचललं. पण नवी खुर्ची हलकी असेल म्हणून मी बोललो नाही. आम्ही दोघांनी दोन तास लावून ती जोडली. तीन पाकळ्या बरोबर होत्या, काळं चामडं बरोबर होतं, म्हणजे चामड्यासारखं काहीतरी होतं, फिरता पाय होता, स्टूलही होतं. फक्त सगळं पाऊणपट होतं.

धड लहान मुलांची म्हणावी तर मोठी, मोठ्यांची म्हणावी तर लहान. दाजी तिच्यात बसले तर त्यांचे गुडघे हनुवटीजवळ आले आणि मान पाठीच्या पाकळीवरून मागे लोंबायला लागली. मी हसू दाबायला स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो.

"फोटोत शेजारी कुंडी होती," दाजी तिथूनच ओरडून सांगत होते, "तिच्यावरून मी अंदाज घेतला!"

"कुंडीही छोटीच असणार," मी म्हणालो.

ताई कामावरून आली. ती ग्रंथालयात टेबलाशी बसून काम करते. उंचीनं ती पाच फुटांनाही दोन बोटं कमी आहे. तिनं पर्स ठेवली, खुर्चीकडे बघितलं, बसली. मागे टेकली. मग खाली वाकून आपल्या पायांकडे बघितलं, तर दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकलेले. जन्मात कुठल्या खुर्चीत तिचे पाय असे टेकले नव्हते. बसमध्ये, ऑफिसात, लग्नकार्यात ती नेहमी पाय लोंबकळत ठेवून बसलेली.

"परत पाठवायची आहे," दाजी म्हणाले.

"मुळीच नाही," ताई म्हणाली. "हिला कुणी हात लावायचा नाही. तुम्ही तुमची दुसरी बघा."

त्यानंतर दाजींनी इंटरनेटचा नाद सोडला. आधी अस्सल खुर्ची नीट समजून घ्यायची, मगच नक्कल शोधायची, असं त्यांनी ठरवलं. "ठसा घेतल्याशिवाय कवळी करतात का?" गावात एक मोठं शोरूम होतं, तिथे तीच खुर्ची अस्सल, नवी, काचेआड झगमगत ठेवलेली होती. एका शनिवारी आम्ही गेलो. दाजींनी कोट घातला होता. मला वाटलं, गिऱ्हाईक दिसावं म्हणून. कोटाचा उपयोग वेगळाच होता, हे आत गेल्यावर कळलं.

ते खुर्चीत बसले. विक्रेता अजून दुसऱ्या टोकाला होता. दाजींनी खिशातून दोन डब्या काढल्या, दोन्हीतली थोडी थोडी गुलाबी पुट्टी बोटांवर घेऊन मळली आणि हातापाशी जी लाकडाची कड वळते तिथे खालच्या बाजूनं चिकटवली. दातांचा ठसा घ्यायची पुट्टी. तिचा डाग पडत नाही, पण सेट व्हायला पाच मिनिटं लागतात. दाजींनी त्यावर तळहात दाबून धरला आणि समोर बघत बसले.

विक्रेता आला. उंच, गोड बोलणारा माणूस. हसताना तोंडावर हात धरत होता.

"कशी वाटते, सर?"

"बसून बघतोय," दाजी म्हणाले. "पाच मिनिटं बसणार आहे. बरोब्बर पाच."

"अवश्य. फिरूनही बघा ना. ही पूर्ण फिरते."

"नको, मला फिरलं की गरगरतं."

"मग मागे झुकून बघा."

"तेही नको. मी असाच बरा आहे."

विक्रेत्यानं माझ्याकडे बघितलं. मी एका दिव्याची किंमत वाचायला लागलो. ती वाचून मला खरंच गरगरलं.

"सर, हात जरा उचलता का? तिथलं लाकडाचं पॉलिश दाखवतो तुम्हाला."

दाजींनी घड्याळाकडे बघितलं. अजून दीड मिनिट. मग त्यांनी जे केलं ते फक्त त्यांनाच सुचू शकतं. त्यांनी विक्रेत्याच्या तोंडाकडे बोट केलं आणि हळू आवाजात म्हणाले, "वरचा पुढचा, डावीकडचा. कॅप आहे ना? रंग एक नंबर चुकलाय. म्हणून तुम्ही हात धरता."

विक्रेत्याचा हात आपोआप तोंडावर गेला. चेहरा लाल झाला. "इतकं दिसतं?"

"इतरांना नाही दिसत. मला दिसतं. बदलून मिळतो, लाजायचं काही नाही त्यात." आणि पुढचं दीड मिनिट त्यांनी दातांच्या रंगांचे नंबर समजावून सांगण्यात घालवलं. विक्रेता अगदी कान देऊन ऐकत होता. वेळ भरल्यावर दाजींनी अलगद मूठ मिटली, पुट्टी कोटाच्या खिशात गेली, आणि ते उठले. मग तोंड तपासायचा छोटा आरसा काढून त्यांनी बसकेच्या खालचा भाग, स्क्रू, लेबल, सगळं बघून घेतलं. विक्रेत्यानं काही हरकत घेतली नाही. तो मागच्या आरशात आपला दात बघत होता.

आता अस्सल कशी असते हे दाजींना आतून-बाहेरून पाठ झालं. पुढच्या आठवड्यात ते काही कामानं डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले आणि सवयीनं, नुसतं बघावं म्हणून, त्यांनी तिथल्या खुर्चीखाली आरसा धरला.

त्या दिवशी ते घरी आले ते चौकट, भिंत सोडून सरळ आत गेले. फ्रिजला पाठ लावून उभे राहिले.

"काय झालं?" ताईनं विचारलं.

"डॉक्टरांची खुर्ची नक्कल आहे."

स्क्रूंची जागा वेगळी होती. लेबल होतं, पण नंतर चिकटवलेलं, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर, चामड्याच्या घडीआड, लाकडात एक लहानसा जळका शिक्का होता: करवतीचं चित्र आणि खाली एका गल्लीचं नाव. बनवणाऱ्यानं प्रामाणिकपणे आपला शिक्का मारला होता. मधल्या कुठल्यातरी दलालानं लेबल लावून ती अस्सलच्या भावात डॉक्टरांच्या गळ्यात मारली होती.

"मग सांगा त्यांना," मी म्हणालो.

दाजींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी कुणाच्या तोंडातली कवळी भर पंगतीत काढायला सांगितली. "मेव्हणेबुवा, गेल्या सव्वीस वर्षांत मी किती जणांचे दात केले! त्यातले निम्मे रोज रस्त्यात दिसतात. एकाबद्दल तरी माझ्या तोंडून कधी ऐकलंत?"

"पण डॉक्टर फसले ना!"

"फसले. आता सांगितलं तर पैसे परत येणार आहेत का? रोज त्या खुर्चीकडे बघून खूष होतो तो माणूस. ते कशाला काढून घ्यायचं?" मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "पण असं बघा, मी झोपलो कुठे? नकलेतच ना! म्हणजे पाठीला चालणारी नक्कल या गावात बनते!"

त्या गल्लीचा शोध लागायला वेळ लागला नाही. गावाच्या टोकाला, जुन्या गोदामांच्या मागे, टिनाच्या छपराची एक कार्यशाळा होती. दारावर तीच करवत रंगवलेली. आत लाकडाचा भुसा घोट्यापर्यंत, भिंतीवर लाकूड आवळून धरायचे लहान-मोठे शिकंजे ओळीनं टांगलेले, आणि एक सत्तरीपुढचा सुतार एका कपाटाचं दार रंधत होता. तोंडाचं बोळकं. कवळी शर्टाच्या खिशात होती; अर्धी बाहेर आलेली.

दाजींचं लक्ष कार्यशाळेकडे गेलंच नाही. ते खिशाकडेच बघत राहिले.

"खुर्ची?" दाजींनी सांगितल्यावर सुतार बोळक्यानं पुटपुटला. त्याचं बोलणं समजायला कान लावावा लागत होता. "केल्या होत्या. सात. नक्कल म्हणून विकल्या. आता नाही करत. कपाटं करतो."

"का बरं?"

"खूप दिवस जातात. लोक घासाघीस करतात."

"ती कवळी खिशात का?"

सुतारानं कवळी काढून बाकावर आपटली. "टोचते. कटकट वाजते. तीन वेळा करून झाली."

दाजींनी ती उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, उलटीपालटी केली. ते जे म्हणाले त्यात एक तज्ज्ञ दुसऱ्या एका अनोळखी तज्ज्ञाच्या कामावर जितका संतापू शकतो तितका संताप होता. "ही कवळी आहे का? हे तर दाराचं बिजागर आहे!"

सुतार पहिल्यांदा हसला. आणि मी तिथे भुशात उभा राहून तो सौदा होताना बघितला. दाजींनी सुताराला अशी कवळी करून द्यायची की तो सफरचंद चावून खाईल. सुतारानं दाजींना अशी खुर्ची करून द्यायची की पाठ दुखणार नाही. लाकूड आणि चामडं दाजींनी आणायचं, बाकी देणं-घेणं नाही. दोघांनी हात मिळवले.

अडचण एकच होती. तोंडातला ठसा डॉक्टरच घेणार. लॅबवाल्यानं घ्यायचा नाही, तसा नियम आहे. आणि दाजींच्या शब्दाखातर फी न घेता ठसा देतील असे डॉक्टर तेवढे एकच होते. ज्यांच्या बाहेरच्या खोलीत सुताराची खुर्ची होती तेच.

"मागच्या दारानं आणा त्यांना," दाजींनी मला दहा वेळा बजावलं. "समोरून आणायचं नाही. खुर्ची दिसता कामा नये."

मी मागच्या दारानंच आणलं. दारावर पाटी होती: फरशी ओली आहे, पुढच्या दारानं या.

आम्ही पुढच्या दारानं गेलो. सुतार खोलीत शिरला, थबकला आणि सरळ कोपऱ्यात गेला. त्यानं खुर्चीच्या कडेवरून हात फिरवला, जसा कुणी ओळखीच्या घोड्याच्या मानेवरून फिरवेल. मग खाली वाकून बोटांनी चाचपलं. दाजी आतून धावत आले. "काका, एक विनंती आहे," एवढंच बोलले, तोवर नर्सबाईंनी सुताराला आत नेलं.

डॉक्टर आनंदी माणूस. त्यांनी ठशाचा मसाला भरलेला साचा सुताराच्या तोंडात बसवला, वरून बोटांनी दाबला आणि म्हणाले, "चार मिनिटं असंच. बोलायचं नाही." मग वेळ घालवायला स्वतः बोलायला लागले. दार उघडं होतं; मी दारात, दाजी डॉक्टरांच्या शेजारी.

"तुम्ही लाकडाचं काम करता ना? मग बाहेरची खुर्ची बघितली असेल. अस्सल आहे. साठ-सत्तर वर्षांची."

"अं," सुतार म्हणाला.

"लोकांना फरक कळत नाही. मला कळतो. नुसता हात लावला की कळतो. नक्कल मी घरात उभी करणार नाही."

"अं! अं अं!"

"हो ना? तुम्हालाही पटतं ना? कारागीर आहात तुम्ही."

सुतार हातवारे करायला लागला. दाजींनी त्याचे दोन्ही हात प्रेमानं धरून खाली ठेवले. "हलू नका काका, ठसा बिघडेल." दाजींच्या कपाळावर घाम होता. ते एकदा घड्याळाकडे बघत होते, एकदा सुताराच्या डोळ्यांकडे. चार मिनिटं कधी संपूच नयेत अशी प्रार्थना करणारा लॅबवाला मी पहिल्यांदाच बघितला.

पण संपली. साचा चपकन् आवाज करत निघाला. डॉक्टरांनी उत्साहानं विचारलं, "सांगा आता, अशी खुर्ची आज कुणाला जमेल?"

सुतारानं तोंड पुसलं. दाजींकडे बघितलं. दाजींनी डोळे मिटले. सुतार बोळक्यानं काहीतरी लांबलचक पुटपुटला.

"काय म्हणाले?" डॉक्टरांनी दाजींना विचारलं.

"म्हणाले," दाजी म्हणाले, "खुर्ची चांगली आहे, सांभाळा."

व्हॅनमध्ये बसल्यावर मी सुताराला पुन्हा विचारलं, तेव्हा त्यानं सावकाश, शब्द सुटे करून सांगितलं. तो म्हणाला होता, "जमेल एकाला, पण तो सध्या दात करून घ्यायला गेलाय." आणि सीटवर मागे टेकून तो इतका हसला की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. दाजींनी त्याला सगळं समजावलं. डॉक्टर फसले, पण खुशीत आहेत, वगैरे. सुतारानं खांदे उडवले. "माझ्या खुर्चीला ते इतकं जपतात. मला काय वाईट आहे?"

त्यानंतरचे तीन महिने दोघांनी एकमेकांना जे छळलं त्याला तोड नाही. सुतार मेणाची कवळी तोंडात घालून म्हणायचा, "डावीकडे उंच आहे. पॉलिशपेपरचा एक हात मारा." दाजी चिडायचे, पण निळा कागद चाववून बघितलं की डावीकडेच खूण उमटलेली असायची. मग दाजी कार्यशाळेत जाऊन तोच निळा कागद खुर्चीच्या पायाच्या फाट्यांखाली घालायचे आणि म्हणायचे, "तुमचाही हा फाटा उंच आहे." शोरूममधून आणलेला गुलाबी ठसा त्यांनी खुर्चीच्या कडेला लावून बघितला, तर केसभर फट दिसली.

"तुमची पुट्टी आकसली असेल," सुतार म्हणाला.

झालं. सव्वीस वर्षांत दाजींची पुट्टी आकसली असं कुणी म्हटलं नव्हतं. आठ दिवस दोघं बोलत नव्हते. नवव्या दिवशी सुतारानं फोन केला आणि फक्त एवढंच म्हणाला, "अर्धा मिलिमीटर होता. कड नवीन वाकवलीय. या."

खरा पेच पडला तो पुढच्या दातांवर. दाजींनी सुरेख सरळ, एकसारखे दात लावले होते. सुतारानं आरशात बघितलं आणि मान हलवली. "हा कुणी दुसराच माणूस आहे." दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या लग्नाचा फोटो आणला. फोटोतला तरुण दात काढून हसत होता, आणि पुढच्या दोन दातांमध्ये एक फट होती, काडेपेटीतली काडी जाईल एवढी.

दाजींनी फोटो भिंगाखाली धरला. त्या रात्री ते जेवतानाही फोटोच बघत होते. बातम्या सांगणारीकडेही बघितलं नाही. "आयुष्यभर लोकांच्या फटी बुजवल्या," अखेर ते ताईला म्हणाले, "मुद्दाम फट ठेवायला सांगणारा हा पहिलाच." आणि त्यांनी ती ठेवली. पिवळसर, सत्तरीला शोभणारा रंग, आणि मधे तीच फट. ती काम करताना दाजी इतके खुशीत होते की लॅबमधल्या लोकांना वाटलं, त्यांना पगारवाढ मिळाली.

कवळी आणि खुर्ची एकाच दिवशी पुरी झाली. सुतारानं कवळी घातली आणि आमच्यासमोर एक सफरचंद खाल्लं, सबंध, सालीसकट. दाजी खुर्चीत बसले आणि त्यांनी निळा कागद मागितलाच नाही, ही त्यांच्याकडची सर्वांत मोठी पावती. मग सुतारानं शिक्का तापवायला घेतला.

"करवत मारतो. पण खाली नाव कुणाचं घालू? पूर्वी गल्लीचं घालायचो. ती गल्ली आता पाडणार आहेत."

"आमच्याकडे कवळीच्या आत वापरणाऱ्याचं नाव घालतात," दाजी म्हणाले. "इस्पितळात कुणाची कवळी कुणाकडे जाऊ नये म्हणून. करणाऱ्याचं नाव कुणी घालत नाही."

सुतारानं विचार केला आणि दाजींचं नाव तापल्या सळईनं बसकेखाली कोरलं. त्याच्या दृष्टीनं परक्या भाषेतलं लांब नाव. दोन अक्षरं चुकली. दाजी आरसा धरून बघायला लागले, आता काहीतरी बोलणार असं वाटलं, पण त्यांनी आरसा खिशात टाकला आणि चहा मागितला.

खुर्ची घरी आली. खिडकीपाशी ताईची पाऊणपट खुर्ची आणि शेजारी दाजींची पूर्ण, अशी जोडी लागली. लांबून बघितलं तर एक माणूस आणि त्याची बायको वाटतात. दाजी कामावरून आले की सरळ तिच्यात जाऊन बसायचे; फ्रिजला सुटका मिळाली.

एका महिन्यानं सुताराच्या बायकोचा फोन आला. मला वाटलं, आभार मानायला असेल.

"तुम्ही काय करून ठेवलंत?" बाई दाजींना म्हणाल्या. "दहा वर्षं दात टोचायचे म्हणून हा माणूस गप्प होता. घर कसं शांत होतं. आता सकाळी डोळे उघडले की बोलायला सुरुवात करतो ती झोपेपर्यंत. फोनवर बोलतो, शेजाऱ्यांशी बोलतो, माझ्याशी तर बोलतोच बोलतो. फट बघून मला बरं वाटलं, नाही म्हणत नाही. लग्नाच्या दिवसासारखा दिसतो. पण लग्नाच्या दिवशी तो इतकं बोलला नव्हता!"

दाजी घाबरून म्हणाले, "मग काय करू? थोडी सैल करून देऊ का?"

"नको नको. पण निदान रविवारी तरी घेऊन जा त्याला."

त्यामुळे रविवारी दुपारी मी व्हॅन काढतो आणि सुताराला आणतो. तो आल्या आल्या आपण केलेल्या खुर्चीत बसतो, स्टुलावर पाय टाकतो आणि बोलायला लागतो: लाकडांबद्दल, पावसात फुगणाऱ्या दारांबद्दल, एका श्रीमंत गिऱ्हाइकानं कपाट उलटं बसवून घेतलं त्याबद्दल. ताई तिच्या खुर्चीत पाय टेकवून विणत असते आणि मधे मधे 'हो का?' म्हणते. सोफ्याच्या खड्ड्यात पाठीला दोन उश्या लावून दाजी बसलेले असतात. ऐकतात, पण त्यांची नजर बोलणाऱ्याच्या डोळ्यांवर नसते. दर दहा-पंधरा मिनिटांनी ते पुढे सरकून, गोष्ट कितीही रंगात आली असली तरी, म्हणतात, "काका, जरा आ करा बघू."